काडतुसात मुरलेला अविश्वास

१८७८ या एकाच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने हिंदुस्थानवर दोन कायदे लादले. एक देशी वृत्तपत्रांचा, दुसरा शस्त्रांचा. पहिल्याने जीभ बांधली, दुसऱ्याने हात. जिभेचे बंधन लॉर्ड रिपनने १८८२ साली सोडवले. हाताचे बंधन मात्र सुटले नाही. लिटन गेला, रिपन गेला, साम्राज्य गेले, तिरंगा फडकला, घटना अमलात आली, तरी १८७८ चा शस्त्र कायदा चालूच राहिला. स्वतंत्र भारताने त्याच्या जागी १९५९ साली स्वतःचा कायदा केला आणि तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ या दिवशी. त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी चीनने आक्रमण केले आणि आमचा जवान दर गोळीला बोल्ट ओढून झाडायची .३०३ रायफल घेऊन स्वयंचलित शस्त्रांसमोर उभा राहिला. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु शस्त्रांच्या अभ्यासात अर्धे आयुष्य घालवलेल्या प्रस्तुत लेखकाला त्यात योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

कायद्याची भाषा वकील वाचतात. शस्त्राचा शौकीन मात्र काडतूस वाचतो. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का, तिची लांबी, नळीचे माप यांतून राज्यकर्त्याचे मन जसे कळते, तसे ते राजपत्रातून कळत नाही. भारतीय नागरिकाच्या, शिपायाच्या आणि कित्येकदा सैनिकाच्याही हातात जे शस्त्र दिले गेले, ते पाहिले की एकच सूत्र हाती लागते : ‘याच्यावर पूर्ण विश्वास टाकू नका, याला एक पिढी मागे ठेवा.’ हे सूत्र इंग्रजांचे होते, हे समजण्यासारखे आहे. प्रश्न असा आहे की, ते आपण का जपले?

सत्तावनची धास्ती

१८५७ च्या स्वातंत्र्यसमराला तत्कालीन निमित्त झाले तेही एका काडतुसाचे. एनफील्ड रायफलीचे चरबी लावलेले कागदी काडतूस दाताने तोडायचे होते. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे उभा ठाकला आणि पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. इंग्रजाने त्या आगीतून जो धडा घेतला, तो मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. पहाडी तोफखाना वगळता बहुतेक तोफा गोऱ्यांच्या हाती ठेवण्यात आल्या. हिंदी शिपायाला मुद्दाम कमअस्सल बंदूक देण्यात आली. गोऱ्या सोजिराकडे मागून भरायची स्नायडर आली, तेव्हा हिंदी शिपाई ठासणीचीच बंदूक वापरत होता. गोऱ्याला मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी शिपायाच्या वाट्याला गोऱ्यांनी टाकलेली स्नायडर आली. १८९७ च्या तिराह मोहिमेत गोऱ्या पलटणी .३०३ ली-मेटफर्ड घेऊन लढल्या, तर त्यांच्या खांद्याला खांदा लावून रक्त सांडणारे हिंदी जवान मार्टिनी घेऊन. मरणात समता होती, हत्यारात नव्हती.

हेच धोरण नागरिकांसाठी काडतुसाच्या मापात उतरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० च्या मापाची शिकारी हत्यारे व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई केली, कारण त्या मापाची गोळी बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनीत चालवता येईल ही भीती. त्यावर इंग्रज बंदूककारांनी तोड काढली. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९०७ साली .४६५ चे माप काढले. गोळी हत्तीला लोळवण्याइतकी जबर, पण बंडखोराच्या बंदुकीत न बसणारी! .३०३ नागरिकाला वर्ज्य होती, म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने .३१५ ची रायफल हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनवली. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाच्या घराण्यातले.

सुजाण वाचकांनी यातील मर्म लक्षात घ्यावे. .३१५ ची गोळी .३०३ पेक्षा ‘सौम्य’ नव्हती. समोरच्याला ती तितकीच प्राणघातक होती. फरक एवढाच की, सैन्याचे काडतूस तिच्यात बसत नव्हते. म्हणजे मापाच्या या बंदीचा सार्वजनिक सुरक्षिततेशी काडीचाही संबंध नव्हता. लष्करी कोठार लुटले गेले, तरी त्यातली काडतुसे रयतेच्या बंदुकीला उपयोगी पडू नयेत, इतकाच हेतू होता. परक्या राज्यकर्त्याच्या दृष्टीने तो चोख होता.

स्वातंत्र्य आले, माप बदलले नाही

आता स्वतंत्र भारताकडे वळू. १९६२ च्या शस्त्र नियमांत ‘प्रतिबंधित बोअर’ची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात .३०३ ची रायफल आहे, .४१० ची मस्केट आहे, .३८० आणि .४५५ चे काडतूस चालवणारी रिव्हॉल्व्हर, पिस्तुले व कार्बाइन आहेत, ९ मि.मी. आहे. २०१६ साली नवे नियम आले. वर्गवारीचा गाभा तोच राहिला. .४५५ हे वेब्ली रिव्हॉल्व्हरचे, पहिल्या महायुद्धातल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेचे काडतूस. आज ते कोणत्याही सैन्याच्या कोठारात नाही, ते आहे संग्रहालयात. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात समारंभपूर्वक निरोप दिला. ज्या काडतुसाला पोलीसही निरोप देतात, त्याच्यापासून राज्याचे रक्षण करणे मात्र चालूच आहे.

विसंगती येथेच संपत नाही. .३८० चे रिव्हॉल्व्हर काडतूस जाणकारांच्या लेखी मंद आहे, पण ते प्रतिबंधित. अमेरिकी .३५७ मॅग्नम त्याच्या दुपटीहून अधिक जोराचे, पण ते प्रतिबंधित नाही. का? ते येथील सैन्याने कधी वापरले नाही म्हणून! १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्राची आयात बंद आहे. त्यामुळे जुन्या आयातीतले .३५७ चे रिव्हॉल्व्हर हातोहाती लाखांच्या किमतीला विकले जाते. धनिकाला मॅग्नम आणि मध्यमवर्गीयाला काय? तर कानपूरच्या कारखान्यातले .३२ चे रिव्हॉल्व्हर.

या .३२ विषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. रचना जुन्या वेब्लीच्या धाटणीची, मोडून भरायची, सहा घरांची. काडतूस १८९६ साली अमेरिकेत निघालेले. पोलिसांच्या ९ मि.मी. गोळीच्या तुलनेत त्याची मारक शक्ती साधारण एक तृतीयांश. धक्का कमी, आवाज बेताचा, नेम शिकायला चांगले. नेमबाज म्हणून मला ते प्रियही आहे. परंतु प्राणावर बेतल्यावर ज्याच्यावर भिस्त ठेवावी असे ते काडतूस नव्हे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे हलके, सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले गेले. किंमत होती १,२२,३६० रुपये, आणि काडतूस तेच, .३२. नाव निर्भीक, किंमत अशी की नोकरदार भगिनीने भ्यावे! २०२३ साली आलेले ‘प्रबल’ हे बाजूला उघडणाऱ्या चक्राचे, अधिक पल्ल्याचे. सुधारणा झाली, तिचे स्वागत आहे. पण मापाची चौकट कोणी ओलांडली नाही, कारण ती चौकट कारखान्याची नाही, कायद्याची आहे.

काडतूस नाही, तर बंदूक म्हणजे काठी

शस्त्राविषयी अनभिज्ञ माणूस बंदुकीकडे पाहतो, जाणकार काडतुसाकडे. नळी कोणताही कुशल लोहार घडवतो. मुंगेरच्या कारागिरीला मीर कासिमच्या काळापासूनचा इतिहास आहे, आणि तिचेच विकृत रूप असलेला कट्टा आज गुन्हेगाराच्या कमरेला असतो. पण पितळी पुंगळी, तिच्या बुडातली स्फोटक टोपी आणि धूरविरहित दारू हे घरच्या भट्टीत होत नाही. म्हणून तर गावठी कट्टा हा बहुधा १२ बोअरचा किंवा .३१५ चा असतो. जे काडतूस परवानाधारकाला मिळते, तेच फुटून गुन्हेगाराकडे जाते. याचा अर्थ स्पष्ट आहे. नियंत्रणाची जागा नळीचे माप ही नव्हे. नियंत्रणाची जागा काडतुसाचा हिशेब ही आहे. पण आमचे प्रशासन जे मोजायचे ते मोजत नाही आणि जे मोजून उपयोग नाही त्यावर शिक्के मारत बसते.

प्रामाणिक परवानाधारकाच्या बाबतीत मात्र हाच हिशेब गळफासासारखा आवळला जातो. परवान्यावर एका वेळी किती व वर्षाला किती काडतुसे हे लिहिलेले असते. सरावासाठी त्याहून अधिक हवी असतील, तर क्रीडानेमबाजाचा दर्जा मिळवा. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षणाची अट घातली. ती शंभर टक्के योग्य आहे. पण प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ज्याने वर्षभर एकही गोळी झाडली नाही, त्याच्या हातातले रिव्हॉल्व्हर शत्रूपेक्षा त्याच्या स्वतःच्या घराला अधिक धोक्याचे असते. पोहणे शिकलेल्याचा दाखला पाहून आपण कोणाला पुरात ढकलत नाही. मग बंदुकीच्या बाबतीत ‘बाळगा, पण वापरायला शिकू नका’ हे तर्कशास्त्र कोठले?

आता कोकणातील शेतकऱ्याकडे पाहा. पीकसंरक्षणासाठी दिलेली जुनी बंदूक त्याच्या ओटीवर टांगलेली असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करा, असा फतवा निघतो. महाराष्ट्र विधानसभेची २०१४ व २०१९ ची मतदाने ऐन ऑक्टोबरात झाली. ऑक्टोबर म्हणजे भात पिकून उभे असण्याचा महिना, आणि रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते. सरसकट बंदुका जमा करू नयेत, प्रत्येक परवान्याची स्वतंत्र छाननी करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ सालीच बजावले आहे. तरीही ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मतदान उधळून लावणारा गुंड आपला कट्टा जमा करायला कधी आला आहे काय?

शिपाई, सैनिक आणि कार्बाइन

नागरिकावर अविश्वास एक वेळ समजू. पण गणवेषातल्या माणसाचे काय? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबई वेठीस धरली. १६६ निरपराध बळी पडले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके रायफलींच्या वर्षावासमोर आमच्या शिपायांकडे काय होते? .३०३ आणि काठ्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी उघड्या हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या देहात घेतल्या. अशोकचक्राने त्यांचा गौरव झाला आणि तो सर्वथा उचित होता. परंतु त्या हौतात्म्यापुढे नतमस्तक होताना एक प्रश्न गिळून टाकणे हा त्यांचा अपमान ठरेल : त्यांच्या हातात त्या क्षणी काठीच का होती? राम प्रधान समितीने पोलिसांकडील शस्त्रे व दारूगोळा यांच्या तुटवड्यावर बोट ठेवले. पुढे ‘फोर्स वन’ उभे राहिले, नवी शस्त्रे आली. पण चौकीवरच्या साध्या शिपायाला सरावाच्या किती गोळ्या मिळतात, हा प्रश्न आजही विधिमंडळात विचारण्यासारखा आहे.

आणि कार्बाइन? घोडेस्वारासाठी म्हणून जन्मलेले हे आखूड नळीचे हत्यार आज घराघरांतून शोध घेणाऱ्या जवानाचे जीवनदायी शस्त्र आहे. जिन्यात, बोळात, वाहनात लांब रायफल फिरवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आराखडा झालेली ब्रिटिश स्टर्लिंग आपण ९ मि.मी. कार्बाइन म्हणून कानपूरला बनवली आणि ती दशकानुदशके जवानाच्या गळ्यात राहिली. ‘इन्सास’ कुटुंबातली कार्बाइन जमली नाही. आखूड नळीत रायफलीचे पूर्ण काडतूस जाळले की डोळे दिपवणारा जाळ आणि कान फाडणारा आवाज होतो. पुण्याच्या एआरडीई संस्थेने त्यावर ३० मि.मी. पुंगळीच्या खास काडतुसाची कार्बाइन बनवली, तिच्या लष्करी चाचण्या डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाल्या. पण सैन्याला नेहमीचे ४५ मि.मी. पुंगळीचे काडतूस हवे होते! दरम्यान ४४,६१८ कार्बाइनची जागतिक निविदा निघाली आणि बारगळली. २०१८ साली ‘तातडीची खरेदी’ म्हणून ९३,८९५ कार्बाइनसाठी संयुक्त अरब अमिरातीची कंपनी निवडली गेली; तातडी दोन वर्षे कागदावर राहिली आणि तीही बारगळली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सव्वाचार लाखांहून अधिक स्वदेशी कार्बाइनचा २,७७० कोटींचा करार झाला आणि त्यात पुण्याच्या भारत फोर्जचा मोठा वाटा आहे, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटेल. परंतु गणित साधे आहे. भागिले तर एका कार्बाइनचा खर्च सुमारे पासष्ट हजार रुपये होतो. म्हणजे अडचण पैशाची नव्हती. क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावर चर्चासत्रे भरवणाऱ्या व्यवस्थेला जिना चढणाऱ्या जवानाच्या गळ्यातल्या हत्याराची आठवण राहिली नाही, ही अडचण होती. छोटे शस्त्र हे छोट्या माणसाचे शस्त्र. म्हणून ते नेहमी यादीच्या तळाशी!

‘अमेरिका करायची आहे काय?’

हा विषय काढला की, इंग्रजी वाहिन्यांवरील विचारवंत तत्काळ एक बाण सोडतात : तुम्हाला भारताची अमेरिका करायची आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत परीक्षा न देता, परवाना न काढता रायफल विकत घेता येते. हा स्वैराचार आहे आणि त्याची फळे तेथील शाळकरी मुले भोगत आहेत. पण जगात फक्त दिल्ली आणि टेक्सासच आहेत काय? चेक प्रजासत्ताकात लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देऊनच परवाना मिळतो, आणि २०२१ साली शस्त्राने स्वसंरक्षण करण्याचा हक्क तेथे मूलभूत हक्कांच्या सनदेत आला. डिसेंबर २०२३ मध्ये प्राग विद्यापीठात एका परवानाधारकाने भीषण हत्याकांड केले. त्या देशाने काय केले? हक्क रद्द केला नाही. छाननी अधिक कडक केली. प्रौढ राष्ट्र असे वागते.

आणि परदेशात तरी कशाला जायचे? आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कोडगू जिल्हा पाहा. तेथील कोडवा समाजाला इंग्रजांच्या काळापासून ठरावीक बंदुकांसाठी परवान्याची सूट आहे. केंद्र शासनाने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती वैध ठरवली. घराघरात बंदूक आहे, कैलपोद सणाला तिची पूजा होते, आणि याच समाजाने देशाला फील्ड मार्शल करिअप्पा व जनरल थिमय्या दिले. बंदुकीने माणूस हिंसक होत असता, तर कोडगूत कॉफी पिकली नसती.

विरोधकांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली होती. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९४८ साली संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली; ती फेटाळली गेली. विरोधी बाकावर असताना जो हक्क होता, तो सत्तेच्या खुर्चीवर बसताच धोका कसा झाला?

काय व्हावे?

मागण्या सोप्या आहेत. प्रतिबंधित बोअरची यादी शंभर वर्षांपूर्वीच्या लष्करी कोठारावरून नव्हे, तर शस्त्राच्या प्रत्यक्ष धोक्यावरून नव्याने ठरवावी. स्वयंचलित शस्त्रे नागरिकाला कदापि नकोत. सरावाची काडतुसे अधिकृत मैदानावर, रिकामी पुंगळी मोजून परत घेण्याच्या अटीवर मोकळेपणाने द्यावीत. विक्रेत्यापासून परवानाधारकापर्यंत प्रत्येक काडतुसाचा हिशेब असावा आणि तो चुकवणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी जावा. लग्नाच्या वरातीत गोळीबार करणाऱ्यांना २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे; ती कागदावर राहू नये. शेतकऱ्याची बंदूक निवडणुकीच्या नावाखाली सरसकट काढून घेऊ नये. आणि राज्यातील प्रत्येक शिपायाने वर्षाला किती गोळ्या झाडल्या, याचा आकडा शासनाने दरवर्षी जाहीर करावा. या एका आकड्याने शंभर समित्यांचे काम होईल.

२०१९ च्या दुरुस्तीने प्रामाणिक परवानाधारकाची तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली. एकाही कट्टेवाल्याला त्या मर्यादेची झळ लागली असेल, असे कोणी सांगू शकेल काय?

खंडेनवमीला आपण घरातल्या शस्त्राला हळदकुंकू वाहतो. पूजेला विळी-कोयती पुरते. संरक्षणाला पुरत नाही. शस्त्र हे विश्वासाचे प्रमाणपत्र आहे. राष्ट्र ते कोणाला देते, कसले देते आणि सोबत किती काडतुसे देते, यावरून ते आपल्या माणसांना किती मानते हे कळते. इंग्रजाने आपल्याला रयत मानले आणि त्या मापाचे काडतूस दिले. आपण नागरिक आहोत. काडतुसाचे माप आता नागरिकाचे असू द्या.